अपडेट ९: ओढा चढ चढत नव्हता, मीच चुकीच्या विहिरीत पडलो होतो

सापडला! जुन्या नकाशात दिसणारा, आता वस्तीखाली गडप झालेला एक ओढा मी शोधतोय, त्याचा तो मधला ३०० मीटरचा तुकडा, ज्याच्यापायी गेले अडीच महिने मी रोज सकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघतो आणि दीड तासाने उगवतो, तो सापडला. आणि जिथे सापडला ती जागा इतकी डोळ्यासमोर होती की लिहायला लाज वाटतेय. तरी सविस्तर लिहितो, कारण जुन्या नकाशावर काम करणाऱ्या निम्म्या लोकांनी हीच चूक केलेली असणार आणि त्यांना त्याचा पत्ताही नसणार.

परिस्थिती थोडक्यात अशी. वर जिथे जाळीतून पाण्याची खळखळ ऐकू येते ती जागा पक्की, खाली नदीच्या भिंतीतलं तोंड पक्कं, आणि मधे जुन्या नकाशातला ओढा आजच्या गल्ल्यांवर टाकला की तो सरळ टेकाडावर चढतो. चार मीटर. पाणी आहे की बकरी?

मागच्या अपडेटमध्ये मी सगळं खापर उंचीच्या डेटावर फोडलं होतं. ते अगदीच चूक नव्हतं म्हणा. मी वापरलेला एसआरटीएमचा, म्हणजे जमिनीच्या उंचीचा डेटा २००० च्या फेब्रुवारीत अवकाशयानातल्या रडारने घेतलाय, त्याचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा, आणि त्यात जमिनीऐवजी बऱ्याच ठिकाणी गच्च्या आणि झाडांचे शेंडे मोजले गेलेत. दाट वस्तीत दोन मीटरची घळ त्यात शोधणं म्हणजे गोणपाटातून रवा चाळण्यासारखं. म्हणून फोनच्या बॅरोमीटरवर आलो. हवेच्या दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे साधारण आठ मीटर उंची, त्यामुळे अर्धा मीटर-एक मीटर फरकही दिसतो, फक्त फोन एकाच उंचीवर धरायचा आणि वाऱ्याच्या झोतात उभं राहायचं नाही. पण पहिल्या आठवड्यात मी सकाळी दहाला एक टोक आणि दुपारी चारला दुसरं टोक मोजत होतो!! हवेचा दाब दिवसातून दोनदा वरखाली होतो, उष्ण प्रदेशात सकाळी दहाच्या आसपास चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत दोन-तीन हेक्टोपास्कल उतरतो, म्हणजे तुम्ही जागचे हलला नाहीत तरी फोन म्हणतो वीस मीटर चढलात. आता वीस मिनिटांच्या आत फेरी मारून परत त्याच खांबाशी यायचं, आकडा जुळला तरच फेरी धरायची, नाहीतर खोडायची. हे जमल्यावरही टेकाड ते टेकाडच राहिलं. ओढा चार मीटर वरच.

मग मी निसर्गाचे पुरावे गोळा करत सुटलो, आणि इथे माझा भरपूर वेळ वाया गेला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल म्हणून आख्खा अध्याय आहे, कुठल्या झाडापाशी किती खोल पाणी लागेल याचा, आणि त्यात उंबर आहे, जांभूळ आहे. टेकाडावर मला एक तरणाबांड उंबर भिंतीतून फुटलेला सापडला आणि मी दोन दिवस हवेत. तिसऱ्या दिवशी वर बघितलं तर त्याच्या बरोब्बर वर गळकी पाइपलाइन. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडलं, ओल मिळाली, रुजलं, ओढ्याचा काय संबंध? तेव्हापासून माझा नियम असा की बुंध्याचा घेर दीड मीटरच्या वर आणि मुळं जमिनीत असतील तरच उंबर साक्षीदार, भिंतीतला उंबर म्हणजे फक्त प्लंबरची चुगली. चतुरांनीही असंच फसवलं. एका कोरड्या कोपऱ्यावर रोज चार-पाच चतुर घिरट्या घालायचे, मी वहीत लाल खूण केली, नंतर कळलं खाली रोज एक काळी गाडी लागते. चकचकीत काळ्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यावरच्यासारखाच ध्रुवीकृत असतो आणि चतुर पाणी ओळखतात ते त्यावरूनच. एक मादी तर बॉनेटवर शेपूट टेकवून अंडी घालायचा प्रयत्न करत होती बिचारी. ओढा नाही मिळाला पण तो फोटो या वर्षातला माझा सगळ्यात लाडका आहे.

आता मुख्य गोष्ट. मोरी.

टेकाडाच्या अलीकडच्या गल्लीत एक आजी ओट्यावर बसलेल्या असतात, त्यांचा उल्लेख अपडेट ६ मध्ये आहे. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, "ओढा होय, तो आमच्या मोरीखालून जायचा." मी आपलं मोरी म्हणजे न्हाणीघर समजून त्यांच्या घरामागे जाऊन आलो, सिमेंटची भिंत बघितली, वहीत 'पुरावा नाही' लिहिलं आणि विषय संपवला. गेल्या मंगळवारी परत तिथून जाताना त्यांनी हाक मारली, "काय रे, अजून तेच शोधतोयस का?" गप्पा सुरू झाल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "संध्याकाळी आम्ही सगळ्या पोरी मोरीवर बसून पाय हलवत असायचो."

मोरीवर? बसून? पाय हलवत??

न्हाणीघरावर कोण बसतं हो. मोरी म्हणजे रस्त्याखालची मोरी! रस्ता ओढा ओलांडतो तिथला दगडी बोळ आणि त्याचे दोन बुटके कठडे. मी विचारलं कुठे होती, तर त्यांनी हात केला डावीकडे, उताराच्या बाजूला, जिथे दोन कमरेएवढे घडीव दगडाचे तुकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उभे आहेत. त्यातल्या एकावर मी अडीच महिने पाण्याची बाटली ठेवून बुटाची लेस बांधतोय.

"मग आधी का नाही सांगितलंत आजी?"
"सांगितलं की. तू मागे जाऊन भिंत बघत बसलास, मला वाटलं असेल तुझं काही काम."

घरी येऊन नकाशा उघडला. ओढा रस्त्याला छेदतो तिथे दोन छोट्या कंसासारख्या रेघा आहेतच, म्हणजे मोरीची खूण. पण माझ्या जुळणीत, म्हणजे जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवला त्यात, ती खूण टेकाडावर येत होती, खऱ्या कठड्यांपासून ६० मीटरवर. मग जुळणीच चुकली असणार ना? पण दोन्ही नकाशांत ओळखू येणाऱ्या सात जागांच्या, म्हणजे बिंदूंच्या, जोड्या लावून मी ती केली होती आणि माझे रेसिड्युअल (जुळणीनंतर बिंदू आपल्या जागेपासून किती हुकला तो आकडा) तर शून्य होते, अपडेट ४ मध्ये मी ते मिरवलेही होते, सातच्या सात बिंदूंवर शून्य.

गोम तिथेच होती. मी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळणीसाठी थिन प्लेट स्प्लाइन वापरलं होतं. ते नकाशाला रबरासारखं ताणून प्रत्येक बिंदू तुम्ही सांगाल तिथे तंतोतंत नेऊन चिकटवतं, मग तुम्ही बरोबर सांगा की चूक, त्यामुळे रेसिड्युअल शून्य येणारच, त्यात कौतुक काय. परीक्षेत स्वतःचाच पेपर स्वतः तपासल्यासारखं आहे ते. त्याच सात बिंदूंवर पॉलिनॉमिअल १ चालवलं, जे अख्खा नकाशा एकसारखाच सरकवतं, फिरवतं, ताणतं. त्याला तीन बिंदू पुरतात, उरलेले चार चुगली करायला मोकळे. सहा बिंदू पाच ते बारा मीटरमध्ये, आणि पाच नंबर थेट ४१.

पाच नंबर म्हणजे विहीर. नकाशात विहीर होती, आजच्या चौकात विहीर आहे, मी डोळे मिटून जोडी लावली. पण ती वेगळी विहीर आहे! नकाशातली बुजवलेली दिसतेय, कारण पाच नंबर काढल्यावर बाकी सगळे सहा मीटरच्या आत बसले आणि ती विहीर एका शेडच्या खाली गेली. आणि ओढा? ओढा अल्लाद टेकाडावरून उतरला आणि मागच्या बोळात जाऊन बसला. तो वाकडा बोळ, जिथे सगळ्या गल्ल्या काटकोनात असताना हा एकटाच कोयत्यासारखा वळतो आणि दोन्हीकडच्या घरांच्या हद्दी त्याच्या वळणाने जातात. बॅरोमीटरवर सगळ्यात खोल जागाही तीच, आकडा माझ्याच वहीत होता, मी 'विसंगत' म्हणून खोडला होता. आणि घेर दोन मीटर चाळीसचा उंबर, मुळं जमिनीत.

तुमच्यापैकी जे लोक स्प्लाइनला शिव्या देतील त्यांना एवढंच सांगेन की हत्यार वाईट नाही, कापडासारखा आकसलेला नकाशा असेल तर तेच लागतं, पण आधी पॉलिनॉमिअलवर बिंदू घासून घ्या. आणि ज्यांच्याकडून मी स्कॅन मागवला होता (नाव घेत नाही) त्यांनी घडी न उलगडता स्कॅन केलाय, दोन सेंटिमीटरची पट्टीच गायब आहे, म्हणून तर मी स्प्लाइनकडे वळलो होतो. पुढच्या वेळी मूळ कागद समोर ठेवून स्वतः फोटो काढणार.

शेवटची खात्री शुक्रवारी पहाटे पावणेपाचला. बोळातल्या झाकणापाशी कान लावला (फक्त कान, झाकण उघडायचं नाही, आत हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो माणूस मारतो, हे मी दरवेळी लिहिणार). सांडपाण्याची लाइन या वेळेला जवळजवळ झोपलेली असते, लोक उठल्यावर जोर धरते. इथे मात्र पावणेपाचलाही तेच आणि सव्वासातलाही तेच, बारीक, एकसुरी, न थांबणारं. पाऊस होऊन सात आठवडे झालेत. म्हणजे कुठूनतरी झरा अजून येतोय. लंडनमध्ये जमिनीखाली गडप झालेली फ्लीट नदी रे स्ट्रीटवरच्या जाळीतून ऐकू येते म्हणून लोक तिथे जाऊन उभे राहतात, आमच्या झाकणाशी मी आणि एक मांजर.

पुढचा प्लॅन असा होता की पावसाळ्यापर्यंत थांबायचं. पण हे टाइप करताना डोक्यात आलं की बॅरोमीटर कशाला, गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घेतली तर दोन टोकांना पाणी एकाच पातळीवर येतं, दाब-बिबची भानगडच नाही, आणि वीस-वीस मीटरचे टप्पे करत ३०० मीटर म्हणजे पंधरा टप्पे, एका सकाळीत होईल. अर्ध्या सेंटिमीटरची चूक प्रत्येक टप्प्याला धरली तरी शेवटी काही सेंटिमीटरच. फक्त नळीत बुडबुडा राहिला तर सगळं वाया. त्यामुळे पावसाळा कॅन्सल, हा रविवार. आणि ती बुजलेली विहीर ओढ्यापासून फक्त अकरा मीटरवर येतेय, म्हणजे तो झरा तिचाच तर नाही ना? आजींना विचारायचंय, आणि या वेळी प्रत्येक शब्दाचा अर्थही विचारून घेणार आहे.

नळीचं दुसरं टोक धरायला पुतण्या तयार झालाय. अट एकच, पावणेपाचला उठवायचं नाही.