गाडी हवा खात होती

दोन महिने आमची गाडी सिग्नलला उभी राहिली की आपोआप रेस घ्यायची. २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग (पाय न देता इंजिन फिरतं तो वेग) ७५०-८०० आरपीएमला पाहिजे, तर काटा १३००-१४०० वर जाऊन बसायचा. ट्रॅफिकमध्ये क्लच जरासा सोडला की गाडी पुढच्याच्या डिकीत घुसायला निघाल्यासारखी, आणि शेजारून बायको "अहो हळू ना", अगं पाय ॲक्सिलरेटरवर नाहीच्चे माझा!

गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून झाली, प्लग बदलून झाले, ॲक्सिलरेटरची केबल ढिली करून झाली. मग स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही, फ्युएल ट्रिम (मिश्रण बरोबर ठेवायला गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) पण दोन-तीन टक्क्यांतच. मेकॅनिक म्हणाला, "कुठल्या चिरेतून जादा हवा खात असती तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवलं असतं साहेब, सेन्सर टाकून बघू." सेन्सरची किंमत ऐकली आणि गाडी घेऊन घरी आलो.

तर गोची इथेच होती आणि ती मला फार उशिरा कळली. ज्या गाड्यांत एअर फिल्टरनंतर एमएएफ सेन्सर असतो तिथे आत येणारी हवा मोजली जाते, त्याच्या पुढे कुठे चीर पडली तर न मोजलेली हवा घुसते, मिश्रण लीन होतं, ट्रिम +२० वगैरे जाते आणि पी०१७१ कोड येतो. माझ्या गाडीत एमएएफ नाहीच, मॅप सेन्सर आहे. तो मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) आतला दाब बघतो, मग हवा थ्रॉटलमधून आली काय आणि फाटक्या नळीतून आली काय, त्याला फरक पडत नाही, ईसीयू हिशेबात पेट्रोल सोडतो. मिश्रण बरोबर, फक्त हवा जास्त, म्हणून इंजिन जोरात फिरतं. स्कॅनर खोटं बोलत नव्हता, आम्हीच त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

रविवारी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून बसलो. आधी ब्रेक बूस्टर (इंजिनच्या ओढीवर ब्रेक हलका करणारा डबा), कारण भीती त्याचीच. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा ब्रेक दाबला, पेडल कडक झालं, तसंच दाबून गाडी चालू केली तर पेडल थोडं खाली गेलं, आणि फुसफुस आवाजही नाही, म्हणजे तिथे बहुतेक ठीक. मग इस्त्रीचा पाण्याचा स्प्रे घेऊन गॅस्केटच्या कडेने आणि नळ्यांवर मारला, पाणी चिरेवर पडलं तर आयडलिंग बदलतं (कार्ब क्लीनर मारतात लोक, पण गरम एक्झॉस्टच्या शेजारी ते पेटणारं काम मला नको होतं, आणि पाणी पण कॉइलपासून लांब ठेवा). काही नाही.

शेवटी पक्कडीला फडकं गुंडाळून एकेक नळी चिमटायला घेतली, जादा हवा बंद झाली की आयडलिंग खाली येणार. पीसीव्हीची नळी, म्हणजे इंजिनातली ऑइलची वाफ ओढून नेणारी, हेड कव्हरवरच्या वाल्व्हपासून मॅनिफोल्डला जाणारी बोटभर जाडीची, ती वाल्व्हच्या बाजूला दाबली तर आयडलिंग थोडंसं हललं, बस. पुढच्या नळीकडे वळणारच होतो, तेवढ्यात वाटलं दुसऱ्या टोकाला पण बघू, आणि मॅनिफोल्डच्या अगदी जवळ दाबली तर काटा धप्पकन ८०० वर! सोडली की परत १३००. म्हणजे चीर या दोन जागांच्या मधेच कुठेतरी. नळी काढून वाकवली तेव्हा दिसली, एल्बोच्या खालच्या बाजूला, नखाएवढी. सरळ धरली की मिटते, पाणी वरून मारल्यावर तिथे पोचणार कसं? रबर तर उष्णतेने आणि ऑइलच्या वाफेने इतकं कडक झालेलं की जुन्या चपलेचा पट्टा वाटावा.

आधी इन्सुलेशन टेप मारून पाहिली, दोन दिवसांत ऑइलने सुटली. नळाची साधी पाईप लावू नका, ऑइलने मऊ पडते आणि आतल्या ओढीने चपटी होते. जुना तुकडा सॅम्पल म्हणून नेला, स्पेअर पार्टवाल्याकडे तशीच एल्बोची नळी मिळाली, दोनशेच्या आत, आणि दोन नव्या क्लिपा. बसवायला दहा मिनिटं.

सिग्नलला आता काटा ८०० च्या खाली. इतकं शांत की पहिल्या दिवशी बायकोने विचारलं, "बंद पडली का हो?"