स्की की स्नोबोर्ड: परभणीहून गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

या फेब्रुवारीत मी आणि माझी भाची परभणीहून गुलमर्गला जाऊन आलो. तेथे सहा दिवस बर्फावर होतो. पहिले चार दिवस मी स्कीइंग (दोन पायांना दोन अरुंद पट्ट्या बांधून घसरणे) शिकलो, तिने स्नोबोर्डिंग (दोन्ही पाय एकाच रुंद फळीला बांधून घसरणे) शिकले आणि पाचव्या दिवशी आम्ही साधनांची अदलाबदल केली. माझे वय 46, तिचे 22. दोघांनीही त्याआधी जमिनीवर पडलेला बर्फ पाहिलेला नव्हता. आमच्याकडे कृषी विद्यापीठाच्या परिसरातले किमान तापमान पाच-सहा अंशांवर उतरले की त्याची बातमी होते, यावरून आमची सवय काय होती ते कळेल. परत आल्यापासून ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात की, दोन्हींपैकी काय घ्यावे? माझे मत असे आहे की, हाताशी चार-पाचच दिवस असतील तर स्की घ्यावी, आणि पहिले दोन दिवस केवळ पडण्यासाठी देण्याची तयारी असेल तरच बोर्ड घ्यावा. हे मत कशावरून बनले ते सविस्तर सांगतो.

आधी प्रवासाचे थोडक्यात. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर असे करत दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीला पोहोचते. तेथून रात्रीच्या गाडीने कटऱ्यापर्यंत जावे. जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली असल्यामुळे पुढचा डोंगरातला भाग साधारण तीन तासांत पार होतो. श्रीनगरपासून गुलमर्ग सुमारे 50 किलोमीटर आहे. त्यातले टंगमर्गपासून वरचे 13 किलोमीटर बर्फ पडल्यावर चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच जावे लागते, म्हणून मोटार ठरवतानाच हे भाडे कोण देणार ते बोलून घ्यावे. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, त्यामुळे दोघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड क्रमांक असणे आवश्यक आहे. टंगमर्गला उतरताच रबरी बूट आणि लांब कोट भाड्याने घेण्याचा आग्रह होतो. ते बूट बर्फात चालण्यापुरतेच उपयोगाचे आहेत, स्कीला ते लागत नाहीत. स्कीचे आणि बोर्डचे बूट वर गुलमर्गमध्ये साधनांबरोबरच मिळतात.

दोन्ही खेळांतला पहिला फरक पायात घालायच्या बुटांपासूनच जाणवतो. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो, घोटा त्यात पक्का आवळला जातो आणि नडगी पुढच्या भागावर टेकवून उभे राहावे लागते. सपाट जमिनीवर तो घालून चालणे हे एक वेगळेच कष्टाचे काम आहे. बोर्डचा बूट मात्र मऊ असतो, आणि माझी भाची तो घालून हॉटेलच्या पायऱ्या सहज चढत-उतरत होती. स्की पायाला जोडताना बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढावा लागतो, नंतर पुढचे टोक खाचेत बसवून टाच दाबली की ‘खट्’ असा आवाज होतो. तो आवाज आला नाही तर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, बसलेले नाही असे समजावे. माझ्या पहिल्या सकाळी बुटाखाली बोटभर बर्फाचा थर राहिला होता आणि दहा पावलांतच एक स्की सुटून खाली गेली.

याच बाइंडिंगविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पडताना पाय पिळला गेला तर स्की बुटातून सुटली पाहिजे, अशी त्याची रचना असते. किती जोर पडल्यावर ते सुटावे, हे स्कीअरचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून ठरवले जाते. मी ज्या दुकानातून साधने घेतली तेथे माझे वजन कोणीही विचारले नाही आणि मलाही ते सांगण्याचे सुचले नाही. दुसऱ्या दिवशी एका वळणावर पडलो तेव्हा उजवी स्की सुटलीच नाही, आणि गुडघा आतल्या बाजूला वळून दिवसभर दुखत राहिला. आमच्या प्रशिक्षकांनी पाहिले तर बाइंडिंगवरचा आकडा माझ्या पातळीच्या बराच वर होता. त्यांनी पेचकसाने तो कमी करून दिला. म्हणून साधने घेताना आपले वजन स्वतःहून सांगावे आणि ‘मी नवशिका आहे’ असे म्हणून बाइंडिंग समोर लावून घ्यावे. स्नोबोर्डचे बाइंडिंग पडताना सुटत नाही. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असल्याने एक पाय एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे पिळला जाण्याचा धोका तेथे कमी असतो. स्कीमध्ये गुडघ्याच्या दुखापती अधिक आणि बोर्डमध्ये मनगटाच्या अधिक होतात, त्याचे कारण यातच आहे. ज्यांचा गुडघा आधीच कुरकुरतो आणि ज्यांचे मनगट कधी मोडलेले आहे, त्यांनी आपापला विचार येथूनच सुरू करावा.

स्कीमध्ये पहिल्याच दिवशी थांबता येते, आणि नवशिक्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून, घराच्या उतरत्या छपरासारखा आकार करायचा आणि दोन्ही आतल्या कडा बर्फात दाबायच्या. प्रशिक्षक याला स्नोप्लाऊ म्हणतात. दुपारपर्यंत मला त्याने वेग आवरता येऊ लागला. संध्याकाळी वळणेही जमली, कारण त्याचा नियम सोपा आहे: डावीकडे जायचे असेल तर उजव्या पायावर भार द्यायचा. चेहरा जाण्याच्या दिशेला असतो, हातात काठ्या असतात आणि शरीराला चालण्याची ओळख असते, त्यामुळे भीती लवकर ओसरते. अवघड भाग पुढे येतो. छपराचा आकार सोडून दोन्ही स्की समांतर ठेवून वळणे मला सहा दिवसांत नीट साधले नाही, आणि प्रशिक्षकांच्या मते ते साधायला एकाहून अधिक हंगाम लागतात.

बोर्डवर याच्या उलट घडते. तेथे आडवे उभे राहायचे असते, एक खांदा उताराकडे. कोणता पाय पुढे ठेवायचा हे ठरवण्यासाठी प्रशिक्षकांनी भाचीला पाठीमागून नकळत हलका धक्का दिला, तिचा उजवा पाय पुढे पडला आणि तोच तिचा पुढचा पाय ठरला. बोर्डला दोनच कडा महत्त्वाच्या असतात, टाचेची आणि बोटांची. वखरणीच्या वेळी वजनासाठी वखरावर उभे राहिलेल्या मुलाला जसा प्रत्येक ढेकळागणिक गुडघ्यांतून तोल सावरावा लागतो, तसाच तोल येथेही लागतो. फरक इतकाच की येथे चुकून उताराकडची कड खाली गेली की ती बर्फात रुतते आणि माणूस क्षणात आदळतो. टाचेच्या बाजूला गेले तर माकडहाडावर, बोटांच्या बाजूला गेले तर तळहातांवर. पहिल्या दिवशी ती इतक्या वेळा पडली की तिने मोजणे सोडले. संध्याकाळी बुखारीजवळ (खोली गरम ठेवणाऱ्या पत्र्याच्या शेगडीजवळ) बसून ती म्हणाली, “मामा, पाय दुखतच नाहीत, बाकी सगळं दुखतंय.” दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र टाचेच्या कडेवरून बोटांच्या कडेवर जाणे तिला अचानक उमगले, आणि त्यानंतर तिची प्रगती माझ्या डोळ्यांसमोर माझ्यापेक्षा वेगाने झाली. चौथ्या दिवशी ती वळणाला वळण जोडत खाली येत होती.

बोर्ड घेणाऱ्यांनी हेल्मेटबरोबर मनगटाचे संरक्षक पट्टे आणि शक्य असल्यास पार्श्वभागाला गादी असलेली चड्डी येथूनच घेऊन जावी. पडताना हात पसरू नयेत, मुठी मिटून कोपरापुढच्या भागावर पडावे आणि हनुवटी छातीशी ठेवावी. पट्टे आवळण्यासाठी प्रत्येक वेळी बर्फात बसावे लागते, म्हणून पाणी न शिरणारी पँट बोर्डसाठी अधिक गरजेची आहे. सकाळी लवकर बर्फ रात्रीच्या गारठ्याने कडक झालेला असतो. त्यावर स्की चालते, पण नवशिक्याने बोर्ड घेऊन साडेदहाच्या आत जाऊ नये. ताजा, खोल, भुसभुशीत बर्फ पडला की मात्र बोर्ड पुढे जातो. रुंद फळी वर तरंगते आणि माझ्यासारख्याच्या अरुंद स्की खाली जातात. गुलमर्गची जगभर ओळख अशा कोरड्या, भुसभुशीत बर्फासाठीच आहे, त्यामुळे बोर्डच्या बाजूने हा मुद्दा गंभीरपणे विचारात घ्यावा.

पाचव्या दिवशी साधने बदलली तेव्हा भाचीला दुपारपर्यंत स्कीवर थांबता आणि वळता येऊ लागले. मला मात्र दिवसभरात बोर्डवर टाचेच्या कडेने आडवे घसरत उतरणे तेवढे जमले. सपाट जागी तर माझी फार अडचण झाली, कारण स्कीअर काठ्यांनी पुढे सरकतो आणि बोर्डवाल्याला एक पाय सोडवून ढकलावे लागते. नवशिक्यांच्या उतारावरची ओढणारी लिफ्टही दोन्ही पाय पुढे असलेल्या स्कीअरसाठीच सोपी आहे. कमी दिवस असतील तर अदलाबदल करू नये असे मी म्हणेन. सहाव्या दिवशी स्कीवर परतल्यावर पहिला तास जुनी सवय परत आणण्यातच गेला.

गोंडोलाचे, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचे, तिकीट आधी ऑनलाइन काढावे. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत जातो आणि दुसरा अफरवट डोंगरावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत. नवशिक्याने स्की किंवा बोर्ड घेऊन दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. तेथले बरेचसे उतार नैसर्गिक अवस्थेतले आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटच्या उतारावरील हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीअरचा मृत्यू झाला होता. जोराचा वारा असला की हा टप्पा बंदही असतो. शिकण्यासाठी खालचे मोकळे मैदान पुरेसे आहे.

प्रशिक्षक ठरवताना दर तासाचा की दिवसाचा, साधने धरून की वगळून, हे आधी स्पष्ट करावे. दोन्ही खेळ शिकवणारे कमी असतात आणि बोर्डचे प्रशिक्षक स्कीच्या तुलनेत कमी मिळतात, म्हणून त्यांच्याशी निघण्यापूर्वीच बोलावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था गुलमर्गमध्येच आहे. ज्यांना अधिक दिवस देता येतात त्यांनी तिच्या वर्गांची चौकशी करावी. आमचे प्रशिक्षक टंगमर्गच्या बाजूचे होते. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरलेला आरिफ खान त्यांच्याच भागातला, हे त्यांनी पहिल्याच दिवशी अभिमानाने सांगितले.

कपड्यांत सुती बनियन अजिबात नको, घामाने ओले झाले की ते वाळत नाही. पातळ लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे दोन थर, वर वारा व पाणी अडवणारे जाकीट आणि हातमोज्यांचे दोन जोड एवढे पुरते. उन्हाची झळ बर्फावरून उलटी लागते, म्हणून गॉगल आणि मलम विसरू नये. आम्ही नेलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी चार दिवस उत्तम टिकली. बुखारीच्या पत्र्यावर ठेवले की धपाटे दोन मिनिटांत मऊ होत. निघण्यापूर्वी निदान सहा आठवडे रोज उठाबशा आणि जिन्याची चढ-उतार करावी. भाचीने ती केली होती, मी शेवटचे दोनच आठवडे केली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारनंतर माझ्या मांड्या थरथरू लागल्यावर मला खालच्या उतारावर थांबावे लागले.