चंद्रतालची प्रदक्षिणा

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यात असलेला चंद्रताल समुद्रसपाटीपासून सुमारे 4,300 मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या काठाकाठाने फिरून येणारी पायवाट जेमतेम अडीच किलोमीटरची आहे. या वाटेवर चढ म्हणावा असा चढ नाही आणि वाटाड्याचीही गरज पडत नाही. तरीही तीन वर्षांपूर्वी मला ही फेरी न करताच परतावे लागले होते. यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती अगदी निवांत पूर्ण झाली. वाट तीच, तलावही तोच. बदलले होते ते तिथवर पोहोचण्याचे वेळापत्रक, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

पहिल्या वेळी सहल आखून देणाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही मनालीहून पहाटे निघून संध्याकाळी थेट चंद्रतालच्या तंबूंवर उतरलो. मनालीची उंची सुमारे 2,050 मीटर आहे, म्हणजे एका दिवसात शरीराला सव्वादोन हजार मीटर वर नेऊन ठेवल्यासारखे झाले. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. रात्रभर डोके ठणकत राहिले, पोटात अन्न ठरेना, आणि सकाळी तलाव नुसता लांबून पाहून आम्ही गाडी खाली वळवली. माघारी वळण्याचा निर्णय योग्यच होता, कारण असा त्रास वाढत असताना खाली उतरणे हाच खरा उपाय असतो.

यंदा मात्र शिमल्याकडून किन्नौरमार्गे गेलो. नारकंडा, कल्पा, ताबो आणि काझा असे मुक्काम करत उंची हळूहळू वाढवली आणि काझाला दोन रात्री काढल्या. दिवस जास्त लागतात हे खरे, पण ते वाया जात नाहीत. ताबोचा इसवी सन 996 मध्ये स्थापन झालेला मठ, त्याच्या मातीच्या भिंती आणि आतली भित्तिचित्रे यांच्यासाठी अर्धा दिवस सहज द्यावा. भारतीय नागरिकांना या मार्गासाठी वेगळा परवाना लागत नाही. पावसाळ्यात किन्नौरच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, त्यामुळे जुलै-ऑगस्ट टाळून सप्टेंबर निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर लागला की बर्फाची शक्यता वाढते आणि तंबूही उठू लागतात.

काझाहून सकाळी लवकर निघून लोसर ओलांडले आणि सुमारे 4,550 मीटर उंचीच्या कुंझुम खिंडीत देवीच्या मंदिरापाशी थोडा वेळ थांबलो. खिंड उतरल्यावर बातलच्या अलीकडे चंद्रतालकडे जाणारा फाटा लागतो. हा शेवटचा डझनभर किलोमीटरचा रस्ता कच्चा आणि अरुंद आहे. समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाला मागे यावेच लागते. त्यामुळे तो दिवसाउजेडीच पार करावा. इंधन एका बाजूला काझा आणि दुसऱ्या बाजूला मनाली इथेच भरून घ्यावे. तलावापाशी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा घरी तसे आधीच कळवून ठेवावे.

तलावाच्या काठावर तंबू ठोकण्यास बंदी आहे. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत या तलावाचा समावेश 2005 साली झाला असून मुक्कामाचे तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात. गाडीतळापासून तलावापर्यंतचे किलोमीटरभर अंतर पायीच जावे लागते आणि ते तसे आहे याचे मला समाधान वाटते. पहाटे तंबूबाहेरच्या बादलीत पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. कानटोपी, हातमोजे आणि अंगावर कपड्यांचे तीन थर चढवून आम्ही साडेसहाला चालू लागलो.

एका छोट्या उंचवट्यावरून तलावाचा पहिला तुकडा दिसतो. बहुतेक जण याच काठावर छायाचित्रे काढून परततात, पण चंद्रतालचा खरा आकार इथून कळतच नाही. त्यासाठी तलाव उजव्या हाताला ठेवून, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने, पुढे निघावे. सुरुवातीची वाट गवताळ आहे. मग बारीक ओहोळांनी भिजलेला पाणथळ पट्टा येतो, तिथे गवताच्या गाद्यांवर पाय न देता दगडादगडांवरून जावे. पुढे एका बाजूला डोंगराचा घसारा थेट पाण्यापर्यंत उतरलेला दिसतो आणि वाट त्याच्या पायथ्याशी चिंचोळी होते. धोका नाही, पण बुटांची पकड चांगली हवी.

त्या घसाऱ्याखाली मी बराच वेळ बसून राहिलो. काठाजवळचे पाणी इतके नितळ होते की तळाचा एकेक गोटा वेगळा दिसत होता, करडा, तांबूस, एखादा पांढऱ्या शिरांचा. दोन-तीन हातांवर तोच तळ हिरवा होत गेला आणि त्यापुढे एकदम गडद निळा. ऊन डोंगराच्या कडेवरून खाली सरकू लागले तशी हिरव्या-निळ्याची ती सीमारेषाही हलल्यासारखी वाटली. वारा नव्हता, त्यामुळे समोरची हिमशिखरे पाण्यात जशीच्या तशी उमटली होती. दुपारी वारा सुटला की हे प्रतिबिंब मोडते, म्हणून पहाटेची वेळ चुकवू नये. पलीकडच्या काठाला चक्रवाकांची एक जोडी पोहत होती. हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर दिसणारा हा केशरी पक्षी इथे, त्याच्या उन्हाळी मुलुखात पाहताना फार आनंद झाला.

पूर्ण वळसा घालताना तलावाची चंद्रकोर उलगडते, आणि नाव त्यावरूनच पडले आहे. याचे पाणी चंद्रा नदीला मिळते, चंद्रा पुढे तांदी येथे भागा नदीला मिळते आणि त्या संगमानंतरची चंद्रभागा म्हणजेच चिनाब. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला आपण चंद्रभागा म्हणतो. इतक्या दूरच्या दोन पाण्यांना चंद्रावरूनच नाव मिळावे, हे त्या काठावर उभे असताना मनाला फार भिडले.

सपाटीवर अर्ध्या तासात होणाऱ्या या फेरीला आम्हाला थांबत, बसत पावणेदोन तास लागले, आणि तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघावे. बोलताना धाप लागली तर चाल मंद करावी. दिवसभर थोडेथोडे पाणी पीत राहावे आणि मद्य पूर्ण टाळावे. उंचीवरच्या त्रासासाठीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, विशेषतः हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार असल्यास. ऊन इथे फार लवकर चटका देते, त्यामुळे गारठा असला तरी काळा चष्मा आणि क्रीम हवेच. पाण्यात उतरू नये. ते बर्फाइतके थंड आहे, तिथे जीव गेलेले आहेत आणि पोहण्यास मनाईही आहे. बिस्किटाच्या पुड्याचा कागदसुद्धा आपल्या खिशातून परत आणावा.

मनालीकडे उतरायचे असल्यास तलावावरून सकाळी नऊपर्यंत निघावे. बातल ते छतडू या टप्प्यात रस्त्यावरून वाहणारे नाले लागतात. ऊन चढले की बर्फ वितळून त्यांचे पाणी वाढते. आम्ही ते अकराच्या सुमारास ओलांडले तेव्हा पाणी चाकाच्या मध्यापर्यंतच होते. पुढे ग्रामफू आणि कोकसरवरून 2020 मध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून रोहतांग खिंड न चढता संध्याकाळच्या आत मनाली गाठता आली.