उद्यापासून

परवा कपाट आवरायला घेतलं. आवरायला घेतलं म्हणजे आतलं सगळं जमिनीवर आलं आणि मी त्याच्या मधोमध फतकल मारून वाचत बसले.

त्यात एक गठ्ठा निघाला प्रेरणादायी पुस्तकांचा. मोजली तर चौदा. लवकर उठा, राग आवरा, नाही म्हणायला शिका, ध्येय कागदावर लिहा. चौदा माणसांनी इतक्या कळकळीनं टाकीचे घाव घातल्यावर एखाद्या दगडाचाही एव्हाना देव झाला असता.

प्रत्येक पुस्तकात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि त्या सगळ्या एकाच रीतीनं संपतात. पहिल्या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक वाक्याखाली रेघ, काही ठिकाणी दुहेरी. समासातली उद्गारचिन्हं तर इतकी जोरात काढलेली, की मागच्या पानावर उमटलीत. दुसऱ्या प्रकरणात रेघा विरळ होतात आणि साठ-सत्तर पानांनंतर पुस्तक कोरं करकरीत. यातल्या बऱ्याच लेखकांनी सुरुवातीला फार हाल सोसलेत. पुढे त्यांचं बरं झालं, असं मी मुखपृष्ठावरच्या हसऱ्या फोटोवरून धरून चालते.

एकात पहाटे उठण्याच्या परिच्छेदाशेजारी मी लिहिलंय, ‘उद्यापासून!’ खाली तारीख. त्याच्याच खाली, वेगळ्या शाईत, पावणेदोन वर्षांनंतरची तारीख घालून, ‘उद्यापासून नक्की.’

हसू आलं, पण त्या दोन्ही रात्री मी खोटं लिहिलं नव्हतं. असं पुस्तक वाचताना जे होतं ते खरंच होतं. पाठ ताठ होते. आपण उगाच पसरत चाललेलो नाही, कुठेतरी निघालेलो आहोत असं वाटतं. मग पट्टी घेऊन वेळापत्रक आखायचं, व्यायामाला हिरवा रंग, वाचनाला निळा. आखायला दोन तास लागतात, पाळलं जातं दीड दिवस. तरी ते दोन तास फार सुखाचे असतात. कळतं पण वळत नाही, असं आपण म्हणतो ना, त्यातली सगळी गंमत पेन्सिलीत आहे. वाक्याखाली रेघ ओढली, की कळल्याची आणि वळल्याची अशा दोन्ही पावत्या हातात पडतात.

माझी एक मैत्रीण रोज पाच वाजता उठते. तिनं यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. तिला एकदा विचारलं, ‘तुला जमतं कसं?’ ती बुचकळ्यात पडली. ‘म्हणजे काय? गजर होतो, मी उठते.’ यावर तीनशे पानं लिहिता येणार नाहीत, हे मला तेव्हाच दिसलं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते एकवीस दिवसांनी. एकवीस दिवस न चुकता केलं की सवय लागते, हे मी इतक्या ठिकाणी वाचलं होतं, की नवव्या दिवशी गाडी घसरली तेव्हा आपल्यातच काहीतरी कमी आहे असं मी मानून टाकलं. पुढे या आकड्याचं मूळ कळलं. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जननं १९६० साली एका पुस्तकात लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर माणसाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ वाटेत कुठेतरी गळला आणि नव्या नाकाचा हिशेब पहाटेच्या व्यायामाला लागू झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या साध्यासुध्या सवयी बारा आठवडे तपासल्या. २०१० साली छापून आलेल्या त्या निबंधात मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि पल्ला १८ पासून पार २५४ दिवसांपर्यंत; बारा आठवड्यांपुढचे आकडे अर्थात गणितानं काढलेले अंदाज. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात होतं. हे वाक्य मला नवव्या दिवशी हवं होतं.

या पुस्तकांचं खापरपणजोबा म्हणावं असं एक पुस्तक आहे, सॅम्युएल स्माइल्सचं ‘सेल्फ हेल्प’, १८५९ सालचं. आधी एका प्रकाशकानं ते परत पाठवलं होतं. छापून आल्यावर पहिल्याच वर्षात वीस हजार प्रती गेल्या. मला त्याच्या यशापेक्षा जन्मकथा आवडते. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात दोन-तीन गरीब तरुण हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांना शिकवायला लागले. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला द्यायचं, लिहिणं, वाचणं, गणित. मुलं वाढत गेली, जागा पुरेना, तेव्हा त्यांनी एक मोठी कळकट खोली भाड्यानं घेतली. कॉलऱ्याच्या साथीत तिचा तात्पुरता दवाखाना केलेला असल्यामुळे ती दुसरं कोणी घेत नव्हतं. आणि मग त्यांनी स्माइल्सला बोलावलं, आम्हाला चार शब्द सांगा म्हणून. त्या भाषणांतून पुढे पुस्तक झालं.

म्हणजे पहा, ऐकणारे आधीच उठून कामाला लागले होते. प्रेरणा मागाहून आली. मी मात्र गादीवर पडून तिची वाट बघत होते.

रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसनं स्वतःपुरत्या काढलेल्या टिपणांनी मात्र मला फार धीर दिला. छापायचा विचारही नव्हता, सगळं स्वतःलाच उद्देशून, तेही ग्रीकमध्ये. त्यात एके ठिकाणी तो स्वतःला अंथरुणातून उठण्याबद्दल समजावतोय. पांघरुणात ऊब आहे हे खरं, पण तू काय ऊब खायला जन्माला आलास का, अशा थाटात. अख्खं साम्राज्य हाताखाली, आणि भांडण पांघरुणाशी! एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा लिहितो. रागावू नकोस, मरणार आहेस हे विसरू नकोस. पहिल्यांदा वाचताना मला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटली होती. आता वाटतं, पहिल्या वेळी लिहून भागलं असतं तर तो दुसऱ्यांदा कशाला लिहिता? त्याच्याही समासात ‘उद्यापासून’ होतंच, फक्त भाषा भारदस्त.

गठ्ठा रद्दीत काढायचा असं ठरवून मी पुस्तकं एकेक करून बाजूला ठेवत होते. पानं चाळता चाळता रेघांची वर्षं लागत गेली. विशीत सगळ्या रेघा यशाखाली. तिशीत वेळेच्या नियोजनाखाली, त्याही घाईघाईत मारल्यासारख्या वाकड्या. नंतरच्या एका वर्षी फक्त रागावरच्या प्रकरणात, आणि तिथे रेघेपेक्षा खोडलेलंच जास्त. पुस्तक जागच्या जागी होतं, मीच दरवेळी वेगळी गरज घेऊन आले होते.

तेराव्या पुस्तकात सत्तराव्या पानापुढे, जिथे मी एरवी कधी पोचत नाही तिथे, दुःखावरचं प्रकरण निघालं. बाबा गेले त्या वर्षी कधीतरी उघडलं असणार. त्या पानावर रेघ नाही. एका वाक्याच्या सुरुवातीला पेन्सिलीचा ठिपका आहे, जरा गडद. टोक टेकवलंय, बराच वेळ तसंच ठेवलंय, पण पुढे ओढलेलं नाही.

तेवढं पुस्तक मी मागे ठेवलं. ते वाक्य आता पुन्हा वाचलं, तर तसं साधंच आहे.