डेरेक जीटर: सर्वकालीन शॉर्टस्टॉपांमध्ये पाचवा

डेरेक जीटर २०१४ मध्ये निवृत्त झाला, पण बेसबॉलच्या इतिहासातील शॉर्टस्टॉपांमध्ये, म्हणजे आतल्या मैदानातील एका महत्त्वाच्या जागी क्षेत्ररक्षण करणाऱ्यांमध्ये, त्याचा क्रमांक कितवा, हा वाद काही मिटलेला नाही. न्यूयॉर्कचे चाहते त्याला पहिल्या दोघांत बसवतात, तर आकडेवारीचे अभ्यासक पहिल्या दहांतही त्याला जेमतेम जागा देतात. मी यांकीजचा, म्हणजे जीटरच्या न्यूयॉर्कमधील संघाचा, कट्टर चाहता आहे आणि तरीही माझ्या मते तो पाचवा आहे.

पहिल्या क्रमांकावर होनस वॅग्नर आहे आणि त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. त्याने नॅशनल लीग या अमेरिकेतील प्रमुख लीगमध्ये आठ वेळा सर्वोच्च फलंदाजी सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे हिटचे प्रमाण) राखली आणि १९३६ मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मानदालनासाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या पाच खेळाडूंत तो होता. दुसरा कॅल रिपकेन: ४३१ होम रन, सलग २,६३२ सामने आणि त्याबरोबरच भरवशाचे क्षेत्ररक्षण.

जीटरची फलंदाजी या पंगतीत कुठेच कमी पडत नाही. त्याच्या नावावर ३,४६५ हिट (बेस गाठून देणारे फटके) आहेत, म्हणजे वॅग्नरपेक्षाही जास्त, आणि सरासरी .३१० आहे. मला याहून महत्त्वाचे वाटतात ते हंगामोत्तर सामने, म्हणजे नियमित हंगामानंतर विजेतेपदासाठी होणारे सामने. तेथे तो १५८ सामने, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण हंगाम खेळला आणि निवडक संघांच्या उत्तमोत्तम पिचरांसमोरही (चेंडू टाकणाऱ्यांसमोरही) त्याची सरासरी .३०८ राहिली. दडपणाखाली त्याचा खेळ उंचावत असे, असे म्हटले जाते. खरे तर तो जसाच्या तसा राहत असे, आणि तेच फार अवघड आहे.

खरा प्रश्न क्षेत्ररक्षणाचा आहे. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजांचे जमिनीलगतचे कितीतरी फटके त्याच्याच दिशेने येतात. तिसऱ्या बेसकडे धावत जाऊन, उलट्या हाताने चेंडू अडवून, हवेत उडी मारून पहिल्या बेसकडे फेकण्याची जीटरची लकब डोळ्यांचे पारणे फेडणारी होती. परंतु डावीकडे, दुसऱ्या बेसजवळून मैदानाच्या मध्यातून जाणाऱ्या चेंडूपर्यंत तो अनेकदा पोहोचतच नसे. ज्या चेंडूपर्यंत खेळाडू पोहोचत नाही, त्याची चूक म्हणून नोंद होत नाही. म्हणूनच त्याच्या चुका कमी दिसल्या आणि प्रशिक्षकांच्या मतांवर त्याला गोल्ड ग्लव्ह हा उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार पाच वेळा मिळाला. बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या हिशेबानुसार सरासरी शॉर्टस्टॉपच्या तुलनेत त्याने कारकिर्दीत क्षेत्ररक्षणामुळे सुमारे २४० धावा गमावल्या. मला हा हिशेब मान्य आहे.

यावर हमखास १३ ऑक्टोबर २००१ चा ऑकलंडमधील सामना पुढे केला जातो. उजव्या मैदानातून आलेली फेक ती पुढे पोहोचवण्यासाठी मध्ये उभ्या असलेल्या दोघा खेळाडूंच्या डोक्यावरून गेली असता जीटरने मैदान ओलांडून पहिल्या बेसच्या रेषेजवळ चेंडू पकडला, धावता धावता तो यांकीजचा कॅचर होर्हे पोसाडाकडे सरकवला, धाव पूर्ण करायला निघालेला ऑकलंडचा जेरेमी जियांबी बाद झाला आणि यांकीजने सामना १-० असा जिंकला. या प्रसंगातून त्याचे खेळाचे भान दिसते आणि ते अलौकिकच होते. पण डावीकडून निसटलेल्या शेकडो चेंडूंची भरपाई त्यातून होत नाही.

२००४ मध्ये अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज यांकीजकडे आला, तेव्हा आधीच्या दोन्ही वर्षी शॉर्टस्टॉप म्हणून गोल्ड ग्लव्ह मिळवूनही जीटरला त्या जागी कायम ठेवून त्यालाच तिसऱ्या बेसवर पाठवण्यात आले. तो निर्णय चुकीचा होता, असे माझे ठाम मत आहे. उत्तेजक औषधांचा डाग असूनही केवळ शॉर्टस्टॉपच्या जागेवरील खेळ पाहून मी रॉड्रिग्जला तिसरा क्रमांक देतो, पण तो आनंदाने देत नाही.

चौथा ऑझी स्मिथ, आणि हाच निर्णय मला सर्वांत जड गेला. स्मिथची सरासरी अवघी .२६२ आणि साऱ्या कारकिर्दीत २८ होम रन. फलंदाज म्हणून जीटरशी त्याची बरोबरी होऊच शकत नाही. मात्र सलग १३ गोल्ड ग्लव्ह जिंकणाऱ्या स्मिथने क्षेत्ररक्षणात वाचवलेल्या धावा जीटरने गमावलेल्या धावांइतक्याच, सुमारे २४०, भरतात. दोघांमधली ही दरी बॅटने भरून निघत नाही.

काही जण १९३५ मध्ये .३८५ ची सरासरी गाठणाऱ्या आर्की वॉनलाही जीटरच्या वर ठेवतात. ते मला पटत नाही, कारण वॉनची संपूर्ण कारकीर्द सुमारे १,८०० सामन्यांची होती, तर जीटर एकट्या शॉर्टस्टॉपच्या जागेवर २,६७४ सामने उभा राहिला.