तुम्ही विचारलंत म्हणून: जॉन मेजरच का?

ब्रिटिश राजकारणाचा विषय निघाला आणि मी माजी पंतप्रधान जॉन मेजर यांचं नाव घेतलं की ठरलेला प्रश्न येतो: "चर्चिल झाले, थॅचरबाई झाल्या, हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षात तुम्हाला आवडायला मेजरच कसे सापडले? ते तर सपाटून पडले ना?" पडले. 1997 मध्ये पक्षाच्या पदरात जेमतेम 165 जागा आल्या. तरी माझं उत्तर बदलत नाही, आणि त्याचं कारण उत्तर आयर्लंड.

मेजर यांचे वडील एकेकाळी रंगमंचावरचे कलाकार, नंतर बागेत ठेवायच्या शोभेच्या मूर्ती बनवून विकणारे. धंदा बसला, राहतं घर विकावं लागलं आणि कुटुंब लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दोन खोल्यांत आलं. मुलाने सोळाव्या वर्षी शाळा सोडली, कॉलेजची पायरी कधी चढलाच नाही. बँकेत नोकरी, लॅम्बेथमध्ये नगरसेवक, तिथेच गृहनिर्माण समितीचं अध्यक्षपद, 1979 ला खासदार आणि नोव्हेंबर 1990 मध्ये, 47 व्या वर्षी, पंतप्रधान. बड्या घरांतल्या मुलांच्या पक्षात हे घडलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

1992 च्या निवडणुकीत लोक हुर्यो उडवत असताना ते खोक्यावर उभे राहून भर चौकात बोलत राहिले आणि पक्षाला 1 कोटी 40 लाखांवर मतं मिळाली. पण बहुमत फक्त 21 चं. त्याच वर्षी 16 सप्टेंबरला पौंड कोसळला आणि युरोपच्या विनिमय दर यंत्रणेतून, म्हणजे चलनांचे दर एकमेकांशी ठरावीक मर्यादेत बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर पडायची नामुष्की आली. पौंड त्या यंत्रणेत नेला होता अर्थमंत्री असताना मेजर यांनीच, त्यामुळे तो दोष त्यांच्याच माथी. रेल्वेचं खासगीकरणही मला कधी पटलं नाही.

आता आयर्लंड. उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं, यावरून 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून रक्त सांडत होतं. एकूण बळी सुमारे साडेतीन हजार. 7 फेब्रुवारी 1991 ला तर आयआरएने, म्हणजे उत्तर आयर्लंड आयर्लंडला जोडण्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, रस्त्यात उभ्या केलेल्या व्हॅनमधून थेट पंतप्रधानांच्या निवासस्थानावर तोफगोळे डागले. आत बैठक चालू होती. एक गोळा मागच्या बागेत फुटला, खिडक्या हादरल्या, मंत्री टेबलाखाली शिरले. जरा वेळाने मेजर शांतपणे म्हणाले, आपण दुसरीकडे बसून पुढचं काम करू.

ज्यांनी आपल्या जिवावर घाला घातला, त्यांच्याशी पुढे याच माणसाच्या सरकारने गुप्त निरोपांची वाट खुली ठेवली. 1 नोव्हेंबर 1993 ला आयआरएची राजकीय बाजू मानल्या जाणाऱ्या शिन फेन पक्षाचे नेते जेरी अ‍ॅडम्स यांच्याशी बोलायच्या नुसत्या कल्पनेनेही पोटात ढवळतं, असं ते कॉमन्स सभागृहात म्हणाले आणि महिना संपायच्या आत ती वाट वृत्तपत्रातून उघड झाली. सभागृहाला अंधारात ठेवलं, हा आक्षेप मला मान्य आहे. पण उघडपणे बोलणी केली असती, तर ती पहिल्याच आठवड्यात मोडून पडली असती, असं माझं ठाम मत आहे.

15 डिसेंबर 1993 ला मेजर आणि आयरिश पंतप्रधान अल्बर्ट रेनल्ड्स यांनी संयुक्त जाहीरनामा केला. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनचा कुठलाही स्वार्थी लष्करी किंवा आर्थिक हेतू नाही. तिथल्या लोकांच्या बहुमताने जे ठरेल ते होईल. ब्रिटिश पंतप्रधानाने हे लेखी द्यावं, तेही हुजूर पक्षाच्या! त्या वेळी सरकार काठावर तरलेलं होतं आणि ऐन वेळी ज्यांचा टेकू घ्यावा लागे, ते उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं असं मानणाऱ्या अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे नऊ खासदार या मजकुराने बिथरले असते तर सगळंच संपलं असतं.

ऑगस्ट 1994 मध्ये आयआरएची शस्त्रसंधी आली. आधी शस्त्रं खाली ठेवा, मगच चर्चेला या, हा मेजर सरकारचा हट्ट मात्र फार ताणला गेला. फेब्रुवारी 1996 मध्ये लंडनच्या डॉकलँड्समध्ये स्फोट झाला आणि शस्त्रसंधी मोडली. उत्तर आयर्लंडमधला शांतता करार, म्हणजे गुड फ्रायडे करार, 1998 मध्ये झाला तेव्हा श्रेय मेजर यांना हरवून पंतप्रधान झालेल्या मजूर पक्षाच्या टोनी ब्लेअर यांना मिळालं, आणि त्यांनी ते कमावलंही होतं. पण बहुमताच्या संमतीचं जे तत्त्व त्या कराराच्या मुळाशी आहे, ते 1993 च्या कागदावर आधीच लिहिलेलं होतं.

पुढे जून 2016 मध्ये, युरोपीय संघात राहायचं की नाही यावरच्या सार्वमताआधी, हेच ब्लेअर आणि मेजर उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात एका व्यासपीठावर उभे राहिले. बाहेर पडलात तर इथली शांतता धोक्यात येईल, हे ज्याने आपल्याला हरवलं त्याच्या शेजारी उभं राहून मेजर सांगत होते. सार्वमताचा कौल बाहेर पडण्याचाच लागला आणि त्यानंतरची कित्येक वर्षं ब्रिटनचं संसदीय राजकारण उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यातल्या सीमेच्या प्रश्नावरच अडकून पडलं.