करंट कुठून घेतला?

हिप-हॉपवर, म्हणजे रॅप आणि डीजेंच्या संगीतावर, छापून आलेलं जे हाताला लागेल ते मी वाचतो. मिरजेत माझा साउंडचा धंदा आहे. हळद, जयंती, वाढदिवस, सगळ्या ऑर्डरी घेतो. त्यामुळे असले लेख वाचताना मी दोनच गोष्टी शोधत असतो: करंट कुठून घेतला आणि मिक्सरवर, म्हणजे आवाज जुळवायच्या मशीनवर, कोण होतं? बहुतेक लेखांत दोन्हींचा पत्ता नसतो. गल्ली असते, आईचे कष्ट असतात आणि मग एकदम टाळ्या. रॅप करणारं पोरगं जे म्हणालं ते पब्लिकपर्यंत कशातून पोचलं, याचं लिहिणाऱ्याला काही पडलेलं नसतं.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचंच घ्या. ११ ऑगस्ट १९७३, १५२० सेज्विक अव्हेन्यू. शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या कपड्यांना पैसे हवेत म्हणून सिंडी कॅम्पबेलनं इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली आणि तिचा भाऊ डीजे कूल हर्क याला वाजवायला उभं केलं. हिप-हॉपचा जन्म म्हणून ही तारीख सगळ्यांना पाठ आहे. मला जास्त आवडते ती त्याच्या आधीची गोष्ट. त्यांच्या वडिलांनी एका बँडसाठी शुअर कंपनीची साउंड सिस्टीम घेतली होती, पण तिचा आवाज काही उठत नव्हता. हर्कनं जोडणी बदलून बघितली आणि त्याच पेट्या गरजायला लागल्या. जेफ चँगच्या २००५च्या 'कान्ट स्टॉप वोन्ट स्टॉप' या पुस्तकात हे आलंय. बाबांनो, असं लिहा!

ब्राँक्सचाच दुसरा डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश तर सरळ आमच्याच जातकुळीतला. व्होकेशनल शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. गाण्यात बाकीची वाद्यं थांबून नुसता ड्रम वाजतो, त्या तुकड्यावर पोरं नाचायची. तो तुकडा लांबवायचा तर एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड लागतात. एक वाजत असताना दुसरी मागे फिरवून नेमक्या जागी आणायची. हर्क हे अंदाजानं करायचा, फ्लॅशला ते तालात हवं होतं. त्यासाठी त्यानं रेकॉर्डवर क्रेयॉननं खुणा केल्या. दुसरी रेकॉर्ड लोकांच्या आधी आपल्या कानात यायला हवी, म्हणून पार्टच्या दुकानातून स्विच आणून मिक्सरला चिकटवला आणि हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. टर्नटेबलवरचं, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या थाळीवरचं, रबर रेकॉर्डला धरून ठेवायचं. त्याची आई शिवणकाम करायची, तेव्हा कापडाची माहिती घरातच होती. त्यानं फेल्ट आणलं, रेकॉर्डच्या मापाचं गोल कापलं आणि खळ मारून कडक इस्त्री केली. आता वर रेकॉर्ड हातानं धरली तरी खाली थाळी फिरतच राहते. आज रेकॉर्ड वाजवणारा जगातला कुठलाही डीजे खाली असलीच गोल चकती घालतो. खळ आणि इस्त्री! मला हे रॅपरच्या गळ्यातल्या साखळीपेक्षा शंभरपट भारी वाटतं.

आपल्याकडच्या लेखांतही साधनांचं तसंच राहून जातं. मुंबईत कुर्ल्याचा रॅपर नेझी, त्यानं २०१४मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवर केलं. लेखांत तो आयपॅड येतो तो परिस्थिती दाखवायला. अरे, पण भर वस्तीत, रिक्षा-भोंग्यांच्या गोंगाटात त्यानं आवाज स्वच्छ कसा धरला? ते विचारा की.

उलट एक गोष्ट प्रमाणाबाहेर रंगवली जाते. १३ जुलै १९७७च्या रात्री न्यूयॉर्कची वीज गेली, दुकानं लुटली गेली, कुणी टर्नटेबल उचलले, कुणी मिक्सर, आणि एका रात्रीत डीजेच डीजे झाले. त्यात तथ्य आहे, ब्राँक्सचा डीजे ग्रँडमास्टर कॅझ यानं स्वतः मिक्सर उचलल्याचं सांगितलंय. पण मिक्सर घरात आला म्हणजे वाजवता आलं, असं धंद्यात कधी होत नाही. माझ्याकडं कामाला येणाऱ्या पोरांना नीट केबल गुंडाळायला शिकवण्यातच सीझन जातो.

त्याच रात्रीची दुसरी गोष्ट मात्र अगदी खरी वाटते. कॅझ आणि त्याचा जोडीदार डिस्को विझ पार्कात वाजवत होते आणि करंट घेतला होता रस्त्याच्या दिव्याच्या खांबावरून. अचानक सगळीकडं अंधार. दोघांना वाटलं, आपल्यामुळंच गेली! अख्ख्या शहराची वीज गेलीय हे नंतर कळलं. गावात वरातीला लाइट गेली की लोक सगळ्यात आधी कुणाच्या तोंडाकडं बघतात, ते कुठल्याही साउंडवाल्याला विचारा.